कठड्याच्या पलीकडे

सेकंडहँड का होईना, गाडी म्हणजे लक्ष्मी. म्हणून सकाळी झूटरमेर या डच गावातल्या पार्किंगमध्ये कुमुदिनीबाईंनी बॉनेट उघडायला लावलं, नारळ फोडला आणि पाणी थेट इंजिनावर ओतलं. त्यांची लेक अश्लेषा आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते. इंजिनावर पाणी नको, हे तिला कळत होतं. पण आई किती दिवसांनी हसत होती! तिने अडवलं नाही.

आता हायवे. नायमेखनला, मावशीकडे.

आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा.

नुसता लागला असता तर एक वेळ चाललं असतं. हा उघडझाप करत होता.

गाडीला उचकी लागली. पाय दाबावा तर वेग उतरतोय, आरशात ट्रक मोठा मोठा होत

मोठा

कशीबशी अश्लेषाने गाडी उजवीकडच्या कडेच्या पट्ट्यात घेतली.

लायसन्सच्या परीक्षेला पाठ केलं होतं: गाडी बंद पडली तर आत बसायचं नाही, लोखंडी कठड्यापलीकडे जायचं. पण कामावरचा नियम हाडीमासी खिळलेला: आधी बिघाडाचा कोड वाच, मग यंत्राला हात लाव. कोड वाचून फोनवर दाखवणारी डबी तिने गाडी घेतली त्याच दिवशी स्टिअरिंगखाली बसवली होती. तिने फोन काढला.

कोड वाचत आहे…

ट्रक गेला. गाडी पाळण्यासारखी झुलली.

"अशू, उतरायचं ना गं?"

"एक मिनिट, आई."

कोड वाचत आहे…

माझ्याच हातून काही झालं का, असं आई विचारत होती. अश्लेषा नाही म्हणाली, स्क्रीनवरची नजर न काढता.

सिलिंडर दोन, ठिणगी चुकते आहे. म्हणजे सकाळचं नारळपाणी प्लगच्या खळग्यात उतरलंय. वाळलं की झालं. एवढंच? एवढ्यासाठी आपण

दुसरा ट्रक. तिच्या बाजूचा आरसा फाडकन मिटून काचेवर आदळला.

इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे तिचं दार रहदारीच्या बाजूला. आईला उजवीकडच्या दारातून ढकलत तीही गिअरवरून सरपटत बाहेर पडली. कठडा कमरेएवढा, आईचे गुडघे वाकेनात, साडी अडकलेली.

"पाय उचल. उचल म्हणते ना."

"खेकसू नकोस. उचलतेय."

पलीकडे. ओलं गवत. साडी फाटली होती.

फोन सीटवरच राहिला होता. मदत बोलवायची तर तो हवाच. अश्लेषाने कठड्यावर पाय टाकला, तोच आईने तिचं मनगट धरलं.

"मरू दे तो फोन."

"आई, सोड. लगेच येते."

आईने सोडलं नाही. ओढाताण झाली. कुमुदिनीबाई खाली बसल्या, सगळा भार लेकीच्या हाताला देऊन.

तिसरा ट्रक पट्ट्याची रेघ ओलांडून गाडीला चाटून गेला. मिटलेला आरसा उडाला आणि दूरवर गडगडत राहिला.

कुणीतरी, कुठल्यातरी कॅमेऱ्यात, त्यांना पाहिलं असावं. रस्त्यावरच्या फलकावर उजव्या लेनच्या डोक्यावर लेन बंद असल्याची लाल फुली पेटली. ट्रक एकेक करून डावीकडे सरकू लागले.

हात दुखतोय का, आईने विचारलं.

नाही, अश्लेषा म्हणाली. दुखत होता.