वस्तऱ्यापायी शांतता

मी आता जे सांगणार आहे त्यावर एकाही शहाण्या माणसाचा विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्याची दाढी मी जन्मभर फुकट करीन.

परवा सकाळी दुकानात मी अशीच सुरुवात केली. खुर्चीत निवृत्त पोस्टमन बसले होते, माझी लेक त्यांचे केस कापत होती, आणि बाकावर शेजारचा शिंपी पेपर वाचल्यासारखं करत होता. माझ्या हातात झाडू होता. मी बोलत होतो शिंप्याशी, पण आवाज लेकीच्या कानापर्यंत जाईल एवढा लावला होता. का, ते सांगतो.

आमच्या दुकानात केस लेक कापते आणि वस्तऱ्याची दाढी मी करतो. निदान करत होतो. माझ्या नाकावर राग असतो, हे मला मान्य आहे. पण गालभर फेस लावलेला असताना गिऱ्हाईक फोन कानाला लावून घरी विचारतं, "पडद्याचा रंग कुठला म्हणालीस?" आणि मान इकडून तिकडे फिरवतं. मग राग नाकावर नाही तर कुठे ठेवायचा, खुंटीला? असाच एक बँडवाला मान हलवत होता. मी ओरडलो, तो दचकला आणि त्याची अर्धी मिशी माझ्या हातात आली. उरलेली अर्धी किती झकास होती ते कोणी बघितलं नाही. लेकीनं वस्तरा धुतला, पुसला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"बाबा, डोकं शांत झालं की वस्तरा मिळेल."

"डोकं माझं आहे."

"मिश्या लोकांच्या आहेत," ती म्हणाली. "फोनवर ध्यानाची ॲप असतात. आपल्या गरजेला शोभेल असं एक निवडा आणि रोज बसा. नाहीतर महिना संपला की तुमची खुर्ची काढते आणि तिथे केस धुवायचं बेसिन लावते."

बेसिन! माझ्या खुर्चीच्या जागी! तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायची सोय राहिली नव्हती. मी निमूट फोन उघडला.

तर परवा दुकानात मी सांगत होतो ते असं. पहिल्याच ॲपनं विचारलं, "आपली गरज निवडा." खाली चार डबे. गाढ झोप, एकाग्रता, चिंतामुक्ती, स्वतःवर प्रेम. लेकीकडून वस्तरा सोडवणे असा डबाच नाही! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नाहीच. वैतागून बोट आपटलं, ते स्वतःवर प्रेम या डब्यावर पडलं. लगेच एक बाई कुजबुजायला लागली, "तुम्ही जसे आहात तसेच सुंदर आहात." न बघता! मी दाढी न केलेला, बनियनवर बसलेला माणूस. सकाळी सकाळी इतकं धडधडीत खोटं मला सहन होत नाही.

"तुम्हाला?" पोस्टमन म्हणाले.

"मान सरळ ठेवा," लेक त्यांना म्हणाली.

दुसऱ्या ॲपमध्ये एक पुरुष होता. "खोल... श्वास... घ्या," तो म्हणाला. मी घेतला. "अजून... घ्या." अजून घेतला. तेवढ्यात फोनची रेंज गेली आणि तो मुका झाला. आता सोडा असं कोणी म्हणेना. नियम म्हणजे नियम, मी धरून बसलो. छाती फुगली, पोट फुगलं, अंगावरचा एप्रन तंबूसारखा ताणला गेला, आणि बघता बघता मी खुर्चीतून अलगद वर उचललो गेलो.

"वर म्हणजे किती?" शिंप्यानं पेपर खाली केला.

"पंख्याच्या वर."

"पंख्याच्या वर छत असतं."

"म्हणून तर थांबलो! रेंज आली, 'सोडा' म्हणाला, तेव्हा खाली आलो. तोही दाणकन. ध्यानानं कंबर लचकलेला दुसरा माणूस आणून दाखव."

लेकीची कात्री चालूच होती. हसली का नाही ते आरशात दिसेना, पोस्टमनचं डोकं मध्ये येत होतं.

तिसऱ्या ॲपमध्ये नुसता जंगलाचा आवाज होता. झरा, वारा, पाखरं. म्हटलं, चला, इथे कोणी उपदेश तरी करणार नाही. पण पाखरं इतकी खरी बोलत होती की आळीतली सगळी मांजरं दारात गोळा झाली. एक मांजरी तर माझ्या मांडीवर चढून फोन चाटायला लागली. तिला हाकलली तर फोनच तोंडात धरून पळाली. तिच्यामागे मी दुधाच्या दुकानापर्यंत धावलो. आणि बगलेत फोन घेऊन धापा टाकत परत येतो तर फोन म्हणतो, "छान! आता तुमचं मन अगदी स्थिर झालं आहे."

फेकणार होतो गटारात. खिशात ठेवला, कारण बेसिन डोळ्यांपुढे आलं.

चौथं माझ्या मेहुण्यानं सुचवलं. हा माणूस दुपारी जेवून आडवा झाला की संध्याकाळी कुठल्या कुशीवर उठेल एवढाच प्रश्न असतो. "दाजी, हे घ्या. यात आपण दोघं जोडले जाऊ. एकमेकांची प्रगती दिसते." घेतलं. तर त्या ॲपमध्ये शांततेचे नंबर! कोण किती शांत, याची चढाओढ. मी पाठ ताठ करून, डोळे मिटून, दात आवळून बसायचो, आणि फोन टुणकन वाजायचा, "तुमचे मेहुणे शांततेत तुमच्या पुढे गेले आहेत." पुढे गेले! तो फोन उशीखाली ठेवून घोरत होता! त्याची झोप त्याच्या खात्यात ध्यान म्हणून जमा होत होती, आणि मी जागा राहून, मुंग्या येईपर्यंत मांडी घालून, खाली खाली चाललो होतो.

मी त्याला फोन केला. "अरे, लाज वाटते का?"

"दाजी, तुम्ही चिडलात," तो जांभई देत म्हणाला. "आता तुमचा नंबर आणखी खाली जाईल."

आणि गेला! मी फोनवर ओरडलो ते त्या मेल्या ॲपनं ऐकलं होतं.

"मला जोडा ना त्यात," शिंपी म्हणाला. "मी दिवसभर गप्प शिवत असतो. तुमच्या पुढे सहज जाईन."

"तू आधी माझी पँट दे. दोन वेळा हेलपाटा घातलाय."

"बघा. नंबर गेला खाली."

मी झाडू जरा जोरात आपटला. लेकीनं नुसतं वळून बघितलं. मी झाडू हळूच भिंतीला टेकवला, गालावर हसू आणलं आणि मुद्द्यावर आलो. महिना संपत आला होता. आता नाही तर कधीच नाही.

"पण मंडळी," मी म्हणालो, "शेवटी मला माझं ॲप सापडलं. त्यात गोड आवाज नाही, झरा नाही, नंबर नाहीत. एक म्हातारा आहे. तो खोकतो आणि म्हणतो, 'बसलास? बस मग.' संपलं. त्यापुढे एक शब्द नाही. माझ्या गरजेला शोभणारं ते एवढं एकच निघालं. गेल्या आठवड्यात लेक सामान आणायला बाजारात गेली होती ना, तेव्हा मी ते दुकानात लावलं. म्हातारा खोकला मात्र, आणि अशी शांतता पसरली म्हणून सांगू! गळका नळ थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जायचा म्हणून उचलला तो तसाच राहिला. समोर बस उभी होती, तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला, आणि उतारू इतके निवांत की एकानंही घंटी मारली नाही."

"आणि तुम्ही?" पोस्टमननी विचारलं.

"मी? माझ्यातला राग असा उतरला, जसा फेस पाण्याबरोबर उतरतो. तेवढ्यात एक परगावचा माणूस आत आला. गळ्यावर सुरकुत्या, हनुवटीला खळगा, शिवाय बोलका! फोन कानाला, मान भिंगरीसारखी फिरतेय. पूर्वीचा मी असतो तर छप्पर उडालं असतं. पण मी हसलो. त्याला म्हटलं, बोला, सावकाश बोला, पडदे निळेच घ्या. फेस लावला, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी, या कानापासून त्या कानापर्यंत, खळग्यातसुद्धा, अशी दाढी केली की त्याला ओरखडासुद्धा नाही! बोलणं संपवून त्यानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, 'सुरू कधी करताय?'"

शिंपी पेपर विसरून बघत राहिला. पोस्टमननी चक्क मान डोलावली. मला वाटलं, जमलं. मी लेकीकडे वळलो आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणालो, "तर पोरी, आता तूच ठरव. इतक्या शांत माणसाची खुर्ची काढायची का?"

तिनं कात्री थांबवली. पोस्टमनच्या मानेवरचे केस ब्रशनं झाडले, कापड सोडलं, झटकलं, घडी केली. घाई म्हणून नाही.

"सगळं मानलं, बाबा," ती म्हणाली. "छताला लागलात, मानलं. बसचा ड्रायव्हर झोपला, तेही मानलं." मग तिनं खिशातून कपाटाची किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "वस्तरा महिनाभर आत आहे आणि ही एकच किल्ली आहे, ती बाजारात माझ्याबरोबर होती. मग त्या परगावच्या माणसाची दाढी केलीत कशानं, झाडूनं?"