परवाचं जॉइनिंग

पेणमधल्या दिनानाथांच्या कारखान्यात त्या रविवारी एकशे ऐंशी गणपती डोळ्यांवाचून बसले होते, आणि ते डोळे आखणारी त्यांची लेक भूमिका परवा वैमानिक म्हणून रुजू व्हायची होती. पहिली गोष्ट दिनानाथ कुणाला सांगत नव्हते. दुसरी एसटी स्टँडवरच्या कंडक्टरलासुद्धा दोनदा सांगून झाली होती.

कंपनी सुट्टीवर निघालेल्या लोकांना समुद्रकिनारी नेऊन सोडणारी. पावसाळ्यात तिचे प्रवासी घरी बसतात, म्हणून नव्या वैमानिकांचं प्रशिक्षण ती तेव्हाच उरकते. ही बॅच चुकली की पुढची वर्षभराने. इकडे गणपती सतरा दिवसांवर आलेले. दिनानाथांचा हात दोन वर्षांपासून कापत होता. पितांबर रंगवताना ते खपून जाई, डोळ्याला खपत नसे.

तेवढ्यात त्याच कंपनीतली कॅप्टन रोहिणी रोह्याहून घरची मूर्ती ठरवायला आली. दिनानाथांनी खुर्ची पुसली. पुसलेली पुन्हा पुसली.

"आमच्या भूमिकाला जरा सांगा, तिथं काय काय असतं."

"आधी वर्ग," रोहिणी म्हणाली. "मग सिम्युलेटर. जमिनीवरच्या खोलीत बसवतात आणि तुझं इंजिन बंद पाडतात. आग लावतात. परीक्षक मागे बसून चहा पितो."

"जळत्या विमानात?" दिनानाथ दचकले.

"आग खोटी असते, काका."

"आणि चहा?"

"तोही यथातथाच."

भूमिका ब्रश हातात धरून ऐकत होती. ब्रशावरचा रंग वाळला होता.

"मग खरं विमान. शेजारी शिकवणारा कॅप्टन. पहाटे साडेतीनला उठायचं, बेटावर उतरायचं, पन्नास मिनिटांत माघारी. समुद्र खिडकीतून दिसतो, पायाला लागत नाही. पण प्रवासी सगळे खुशीत. विमान उतरलं की टाळ्या वाजवतात. जरा आदळलं तर जास्त वाजवतात."

"मला आदळल्यावरच्या पण चालतील!" भूमिका म्हणाली.

"लोकांना सुट्टी, तेव्हा आपल्याला ड्यूटी, हे लक्षात ठेव. मे महिना, दिवाळी, नाताळ. रजा मागितली की रोस्टर लावणारे फार प्रेमाने नाही म्हणतात."

"आन् गणपतीला?" भूमिकाच्या आईने, मालूने, रंग कालवता कालवता विचारलं.

"यंदा तर प्रशिक्षणच आहे, काकू."

आपल्याकडे मुलगी परदेशी चालली तर लोक पेढे मागतात. गणपतीला घरी येणार नाही म्हटलं, की आवाज खाली आणून विचारतात, सगळं बरं आहे ना?

भूमिकाने ब्रश खाली ठेवला. "बाबा, मी कंपनीला फोन करते. पुढच्या वर्षी जाईन."

"खबरदार! डोळे मी आखतो."

"हात दाखवा."

दिनानाथांनी हात पाठीमागे नेला. "वारा हाय जरा."

पंखा बंद होता.

मालूने वाटी बाजूला सारली आणि दोन फुटी मूर्ती पुढ्यात ओढली. "ब्रश दे गो."

"आई, तू?"

"तीस वर्सं रंग कोन कालवतंय? बुबुळाचा काळा किती पातळ हवा, ते तुझ्या बाबांना दरवर्षी मीच सांगते. दरवर्षी इसरतात."

"पितांबराचे काठ रंगवणं वेगळं," दिनानाथ म्हणाले. "डोळा म्हंजे…"

"अहो, गप ऱ्हा. मला श्वास धरायचा हाय."

तिने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मग खालची. दुसरा डोळा पहिल्यापेक्षा केसभर वर गेला. भूमिकाने डोळे मिटून घेतले. मालूने ओल्या फडक्याने तो पुसला, कुणाकडेही न बघता पुन्हा आखला, बुबुळ भरलं, पांढरा ठिपका दिला आणि श्वास सोडला.

दिनानाथ डावीकडे सरकले. गणपती त्यांच्याकडेच बघत होता. उजवीकडे सरकले. तिकडेही बघत होता.

"कसे जमलेत?" रोहिणीने विचारलं.

"तुम्ही दुसरी मूर्ती बघा, म्याडम," दिनानाथ म्हणाले. "ही घरी ऱ्हाईल." मग ते भूमिकाकडे वळून ओरडले, "तू अजून हितं काय करतेस? बॅग भर!"

भूमिका आईला अशी बिलगली की मालूच्या गालावर काळा रंग लागला. मग ती धावतच आत गेली.

"आता बघत काय बसलाय?" मालू म्हणाली. "पुढची आणा."

आणि पेणमधले नावाजलेले मूर्तिकार दिनानाथ मुकाट्याने पुढची मूर्ती आणायला उठले.