हात आवर

तिचं नाव टापटीप पडलं ते पहिल्याच सकाळी. उत्खनन शिकायला उन्हाळी शिबिरात आलेली बाकीची पोरंपोरी तंबूतल्या जागेसाठी भांडत होती, आणि ही आपली दाराशी बसून सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत होती. "ए टापटीप, माझं डोकंही जरा जागेवर लाव," मोजणीचं काम बघणारा लंबू म्हणाला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचा काय दोष? कळायला लागल्यापासून ती मोठ्या बहिणीच्या लॉजवर राबली होती. पाहुणा गेला की चादर ओढ, उशी झटक, आरशावरची बोटं पूस. मागच्या माणसाची खूण पुढच्याला दिसता कामा नये. ताई जिन्याखालून हाळी द्यायची, "आवर गं, आवर!" त्या एका शब्दासरशी तिचे हात चावी दिलेल्या खेळण्यासारखे सुरू व्हायचे.

इथे सगळंच उलटं. इथे मागच्या माणसांच्या खुणाच तेवढ्या शोधायच्या होत्या. उत्खनन चालवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं, "खापर दिसलं की उचलायचं नाही. ते कुठे पडलंय, कुणाच्या शेजारी, कोणत्या थरात, ते आधी. जागेवरून हलवलेली वस्तू मुकी होते." शिबिर संपताना बाई एकालाच पुढच्या हंगामासाठी ठेवून घेणार होत्या. ताईनं निघताना बजावलं होतं, "फेड हौस. पण नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं आणि खोल्या सांभाळायच्या." टापटीपनं मनाशी गाठ मारली होती. परत जायचं नाही.

म्हणून ती जीव ओतून काम करी. तिला खणायला दिलेल्या चौकोनाच्या भिंती ओळंब्याला लाजवतील अशा सरळ. थापीनं माती खरवडताना ती गुणगुणायची, तिचं तिनंच जुळवलेलं:

माती गं माती, तुझ्या पोटी काय?
उगी बस आधी, मग सांगते माय.

गाणं ओठांवर होतं, पण उगी बसणं हातांना कुठे ठाऊक होतं!

त्या दुपारी वारा सुटला होता. तिच्या थापीखाली आधी राख आली, मग एक दगड, मग दुसरा, आणि बघता बघता दगडांचं कडं. चूल! कुणाची तरी, कधीची तरी चूल. तिचा ऊर भरून आला आणि नकळत हात पहिल्या दगडाकडे गेला. दोन चर पलीकडून बाईंनी ते पाहिलं. त्या ओरडल्या, "अगं, हात आवर!" वाऱ्यानं अर्धं गिळलं. टापटीपच्या कानावर पडलं ते फक्त "आवर!"

झालं. चावी फिरली. बाई येईपर्यंत तिनं सगळे दगड उचलले होते, ओल्या फडक्यानं पुसले होते, लहानमोठे बघून तबकात ओळीनं लावले होते आणि राख झाडून सुपलीत भरली होती.

बाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. "हे काय केलंस?"

"आवरलं, बाई," ती हसऱ्या तोंडानं म्हणाली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. घोटाळा काय झाला ते कळल्यावरही त्यांचा आवाज मऊ झाला नाही. "शब्द माझा होता, मान्य. पण दगड शब्दानं नाही, हातांनी उचलले. उद्यापासून लंबूबरोबर मोजणीला जा. पट्टी धर."

पट्टी धरायची म्हणजे दुसरं काही करायचंच नाही. आकडे कोरलेली उंचच उंच फळी घेऊन माळावर उभं राहायचं. लांबून लंबू दुर्बिणीतून आकडा वाचणार.

"डुलतेयस!" तो ओरडायचा. "तू पट्टी आहेस की वेल?"

"वारा आहे रे!"

"वाऱ्याला काय नोकरी लागायचीय का? तुला लागायचीय. पट्टीला लावलेल्या पाणसळीतला बुडबुडा बघ. तो मधे आला की श्वास धर."

पहिले काही दिवस तिच्या हातांना नुसती खाज सुटली. पायाशी पडलेलं पानसुद्धा उचलावंसं वाटे. रात्री पाठ मोडून यायची. पण ती नेट धरून उभी राहिली. बुडबुडा मधे, हात जागच्या जागी. लंबूनं मग तिला दुर्बीण लावायला शिकवली, जमिनीची उंची काढायला शिकवली, आणि एके दिवशी तिचा आकडा त्याच्या आकड्याशी जुळला तेव्हा म्हणाला, "वेलीला खोड फुटलं गं!"

त्याच संध्याकाळी ती बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "माझा चौकोन एकदा द्या. मी बिघडवलाय, मलाच बघू द्या."

"दगड परत मांडणार?"

"तोच विचार होता."

"मांडलेस तर ती तुझी चूल होईल. त्यांची नाही."

तिनं मान खाली घातली, पण पाय हलवला नाही. "मग नाही मांडत. जे उरलंय तेवढंच मोजते."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "सकाळी ऊन तिरपं असतं. लवकर जा."

ती गेली. गुडघ्यांवर बसली, हात पाठीमागे बांधले आणि नुसती बघत राहिली. तिरप्या उन्हानं जमिनीला सावल्या फुटल्या. चुलीच्या आत माती भाजून तांबडी झाली होती. पण जिथे दगड बसले होते तिथे आच पोचली नव्हती. तिथे फिकट खळगे होते, निजलेल्या लेकराच्या डोक्यानं उशीला पडावेत तसे. ताईच्या लॉजवर असे किती खळगे तिनं झटकून टाकले होते!

तिनं दोरी ताणली, ओळंबा सोडला. लंबूनं दुर्बीण लावली. एकेक खळगा कागदावर उतरला. शेजारी तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: दगड माझ्या हातून उचलले गेले, जागा खळग्यांवरून. लिहिताना कान तापले, पण पेन थांबलं नाही.

मग तिनं तबकातले दगड आणि कागदावरचे खळगे ताडून पाहिले. खळगा एक जास्त होता.

ती वाकली. त्या शेवटच्या खळग्यात करडी माती घट्ट बसली होती, वरच्या थरातली. म्हणजे तो दगड तिनं नव्हता उचलला. वरची माती पडायच्या आधीच, फार पूर्वी कुणीतरी तो काढून नेला होता. कशाला नेला? त्या मातीखाली काय होतं? थापीचं टोक खळग्याच्या कडेला टेकलं. एक खरवड, फक्त एक.

वारा नव्हता. कुणी ओरडलंही नाही. तिनं थापी उचलली, जमिनीवर आडवी ठेवली आणि हाक मारली, "बाई! जरा येता का?"

बाई आल्या, वाकल्या, खळग्यावरून बोट न लावता नजर फिरवली. मग नकाशा वाचला, शेजारची ओळही वाचली. "ही भरलेली माती तू उकरली का नाहीस?"

"आवरलं, बाई."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी आपला बारीक कुंचा तिच्या हातात दिला. "हळू. अर्धा खळगा उघड, अर्धा राहू दे, म्हणजे मातीचे थर कापात दिसतील. आणि बहिणीला कळव, पुढच्या हंगामात तू इथे आहेस."

दुपारी तिनं फोन लावला. ताई म्हणाली, "अगं, पण इथलं कोण आवरणार?"

"सगळंच नको आवरूस, ताई," टापटीप म्हणाली. "थोडं दिसू दे की, कोण राहून गेलं ते."

आणि फोन ठेवून ती अर्ध्या उघडलेल्या खळग्याकडे परत निघाली.