साखळी घातलेला अँटेना

मी अँटेना बोलतोय. माझं तोंड नागपूरकडे, त्यामुळे पांढुर्ण्याच्या लोकांशी मला पाठ करूनच बोलावं लागतं. राग मानू नका.

नागपूरच्या एका दुकानात अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या जोडून मला बनवलं. भैय्याजींनी टीव्हीसोबत मला विकत घेतलं आणि पॅसेंजरच्या खिडकीतून अर्धा बाहेर काढून घरी आणलं. भैय्याजी म्हणजे सौसरच्या कचेरीतले बाबू. रोज सकाळी बसनं जाणार, संध्याकाळी परत येणार आणि घरातही कचेरीच लावणार. मला गच्चीवर सहा फुटी पाइपावर चढवून त्यांनी नारळ फोडला आणि गल्लीतल्या पहिल्या टीव्हीचे मालक झाले.

महिनाभर सुखाचा गेला. मग नदीपलीकडे सावरगावात एक अँटेना उभा राहिला, माझ्याहून दोन हात उंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं रिवाज म्हणून एकमेकांना दगड मारतात आणि उरलेलं वर्षभर सोयरिकी जुळवतात, ते भैय्याजींना चालायचं. उंच अँटेना मात्र चालेना. पडद्यावर मुंग्या आल्या की ते म्हणायचे, सावरगाववाले आपल्या लहरी पिऊन राहिले. लहरी म्हणजे नळाचं पाणी, पलीकडे कोणी मोटर लावली की इकडची धार बारीक, असं त्यांचं मत. त्यांच्या पत्नी सुधाबाईंनी समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग बंदोबस्त सुरू झाला. मला कोणी परस्पर फिरवू नये म्हणून पाइपाला साखळी घालून गच्चीच्या कठड्याला बांधलं आणि भलंमोठं कुलूप ठोकलं. किल्ली घरात ठेवली तर चोराला सापडेल, म्हणून ती सौसरच्या कचेरीतल्या कपाटात. टीव्ही पाहायला येणाऱ्यांनी दारात परवलीचा शब्द सांगायचा, आणि तो दर आठवड्याला बदलायचा. शब्द म्हणजे इटारसीकडे जाणाऱ्या पॅसेंजरची स्टेशनं, ओळीनं. त्यामुळे पुढच्या आठवड्याचा शब्द अख्ख्या गल्लीला आधीच पाठ. विसरायचे ते एकटे भैय्याजी, म्हणून त्यांनी तो खडूनं दारावर लिहून ठेवला होता.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला गल्लीतल्या शकुबाई सगळ्यांच्या आधी आल्या. त्या संत्र्याच्या पेट्या भरायला जात, पण त्या दिवशी कामाला सुट्टी मारली होती. त्यांचा मुलगा श्रावण पलटणीत होता आणि दिल्लीच्या परेडमध्ये चालणार होता. दोन वर्षं त्यांनी पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. दारात ‘तिगाव’ हा त्या आठवड्याचा शब्द सांगून त्या नेहमीसारख्या उंबऱ्याजवळ बसल्या.

नेमकं तेव्हाच एक वांदर माझ्यावर लटकलं. मी साखळीसकट गर्रकन फिरलो, तोंड थेट सावरगावकडे. साखळीला असा पीळ बसला की मला जागचं हलता येईना. खाली नुसत्या मुंग्या. किल्ली सौसरला आणि कचेरीला सुट्टी. भैय्याजींनी वर येऊन कुलपावर दगड हाणले. माणूस पांढुर्ण्याचा, नेम चुकला नाही. पण कुलूप त्यांनीच पारखून घेतलेलं होतं, ते बधलं नाही.

मग त्यांनी मला नुसतं धरून पाहिलं. सुधाबाई खालून म्हणाल्या, होतं तेही गेलं. दोन शेजाऱ्यांनी धरलं, तरी तेच. शेवटी शकुबाई स्वतःच शिडी चढून आल्या आणि माझी एक कांडी मुठीत घट्ट धरली. खाली गलका झाला. चित्र आलं होतं, आजवर कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ. त्यांनी हात काढला की मुंग्या, धरला की दिल्ली. असं का होतं ते मला विचारू नका. मी अँटेना आहे, मास्तर नाही.

पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला पोरगा पाहायचा ती वर, आणि सगळी गल्ली खाली टीव्हीसमोर.

"अवो शकुबाई, तुमचा श्रावण आला," सुधाबाई अंगणातून म्हणाल्या.

"कसा दिसून राहिला जी? वाळला तर नाही?"

सुधाबाई आत जाऊन पाहून आल्या. पडद्यावर शंभर शिपाई आणि शंभरही एका चेहऱ्याचे.

"नाही वो, चांगला भरला. तिसऱ्या ओळीत हाय."

इतकं चांगलं खोटं त्या टीव्हीवरही मी कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणची पलटण गेली. भैय्याजी म्हणाले, आता सोडा, खाली चला, चहा घ्या. शकुबाईंनी हात सोडला नाही.

"कसा सोडू भैय्याजी? मांगून आणखी पोरं येऊन राहिले न. त्यायलेबी माय हायच, कोठी तरी पाहत असन. म्या हात काढला त तिच्याबी पडद्यावर मुंग्या येतीन."

भैय्याजीही पाइप धरून त्यांच्या शेजारी उभे राहिले, शेवटची पलटण जाईपर्यंत. त्यामुळे चित्र जरा बिघडलं, पण खालून कोणी तक्रार केली नाही.

माझी ती कांडी तेव्हापासून वाकडीच आहे. तिच्यावर चिमण्या बसतात. ती सरळ करायला कोणी वर आलंच, तर माझी एक विनंती आहे. आधी थोडा वेळ मला नुसतं धरून उभं राहा. कुठल्या गावात कोणाची माय पडद्यासमोर बसली असेल, ते मला इथून दिसत नाही.