गाळलेली सतरा पानं

ऑपरेटरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काठी आपटत त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरल्या, तेव्हा निवेदक चहा पीत होता. अंधांसाठी कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करायच्या, हे त्याचं काम. आवाज असा, की ऐकतच राहावं.

बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. डोळे जन्मापासून नव्हते, पण कान भलते तिखट. गेल्या वर्षी याच आवाजात त्यांनी एक नवी कादंबरी ऐकली. जन्मभर आईवर धुमसणारी मुलगी मधेच आईला माफ करून मोकळी! का, कशासाठी, काही पत्ता नाही. तीनदा ऐकली. वाचकगटात विचारलं, तर तिथले प्राध्यापक हसले. "बाई, आजकालचं लिखाण जड असतं. तुम्ही आपल्या जुन्या गोष्टी ऐका." झालं! बाईंनी गट सोडला, नव्या कादंबऱ्या सोडल्या. घरातल्या साध्या गोष्टीतही भाचीला म्हणायला लागल्या, "तूच ठरव बाई, माझं डोकं गेलं आता."

भाचीला ते बघवेना. परवा ती तीच कादंबरी घेऊन आली. "मावशी, एकदा शेवटचं," म्हणत पानोपान वाचू लागली. एकशेबाराव्या पानावर आईच बोलायला लागली. सतरा पानं, एका दमात, मधे पूर्णविराम नाही. बाईंनी ती कधी ऐकलीच नव्हती.

"सतरा पानं कुठं गेली?" एरवी त्याला अहो-जाहो करणाऱ्या बाई आज एकेरीवर आल्या. "बोल की!"

निवेदकानं कप खाली ठेवला. "फार अवघड होती हो ती. ऐकणाऱ्यांना झेपणार नाहीत, म्हणून..."

"आमच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही, म्हणून कानांत फेकलीस होय रे? वर्षभर मी स्वतःला मठ्ठ समजत बसले!"

"खरं सांगू? मलाच कळली नाहीत. चारदा अडखळलो, मग दिली सोडून."

"मग तुझ्या वाटणीची सोडायचीस! माझ्या वाटणीची कुणाला विचारून सोडलीस?"

बाईंनी पिशवीतून कादंबरी काढून त्याच्या पुढ्यात आदळली आणि चाचपडत खुर्ची ओढली.

"लाव मशीन. पान एकशेबारा."

त्यानं सुरुवात केली. सातव्या ओळीला जीभ अडखळली आणि सवयीनं त्यानं अर्धी ओळ गिळली.

बाईंची काठी जमिनीवर आपटली.

"परत."