नवतप्याची सायकल

सूर्य रोहिणीत शिरला, आणि वऱ्हाडावर नऊ दिवसांचा जाळ उतरला.

पांढरं आकाश, पांढरा रस्ता, पांढरी माती. त्या पांढऱ्या दाहात संत्र्याच्या बागा तेवढ्या हिरव्या होत्या. धूळमाखल्या, मौनव्रती, श्वास रोखून धरलेल्या. बाभळीची सावली जाळीसारखी विरलेली. क्षितिज वितळून थरथरत होतं, आणि त्या थरथरीत दूरचं गाव पाण्यावर ठेवल्यासारखं हलत होतं.

या नऊ दिवसांना तिकडे नवतपा म्हणतात. नवतपा जितका तापेल तितका पाऊस बरा, असं जुनी माणसं सांगतात. आणि सांगून झालं की दारं लावून, खिडकीला ओला वाळा बांधून, कूलरसमोर आडवी होतात.

दोघी मात्र रोज बाहेर पडत. एक चोवीस वर्षांची, एक अठ्ठावन्नची. आणि दोघींत मिळून सायकल एक.

थोरली शकुंतला वैरागडे. मोर्शीजवळच्या एका गावच्या शाळेत तीस वर्षं तिने पोरींना धावायला शिकवलं होतं, आणि एप्रिलच्या तीस तारखेला शाळेने तिला शाल देऊन घरी पाठवलं होतं. धाकटी ऋजुता, तिच्या भावाची मुलगी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती आणि पुढचं काही ठरेपर्यंत आत्याकडे राहिली होती. पुढचं काही ठरत नव्हतं.

शिट्टी सुटलेली आत्या आणि परीक्षा सरलेली भाची. दोघींच्या पायांना घर पुरेना. एक अंगणात येरझाऱ्या घाली, दुसरी गच्चीवर. एकीचा चहा ओट्यावर थंड होई, दुसरीचं पुस्तक उघडं राहून वाऱ्याने मिटे.

मग आत्यानेच व्रत काढलं. नवतप्याचे नऊ दिवस, रोज सोळा किलोमीटर, आळीपाळीने. एकीने सायकलवर दोन दगड पुढे जायचं, किलोमीटरच्या दगडाला सायकल टेकवायची आणि पुढे धावत सुटायचं. मागून धावत येणारीने ती सायकल उचलायची आणि घंटी वाजवत पहिलीला गाठायचं; गाठ पडली की पुन्हा पहिल्यापासून. तरुणपणी ती आणि तिची मैत्रीण अशाच एका सायकलवर तालुक्याच्या स्पर्धेला जात. नियम तेव्हाचाच होता, एकच आणि कडक: सायकल टेकवली की मागे वळून बघायचं नाही. बघणं म्हणजे मागचीवर अविश्वास. वळलं की खंड. खंड पडला की व्रत बुडालं.

शेजारच्या देशमुखकाकू फाटकाशी उभ्या राहून रोज विचारत, काहून जीव तापवता बाप्पा, या वयात कुठलं पदक भेटणार हाय. आत्या म्हणे, वय तापवते आहे, जीव नाही. आणि बुटाची नाडी दुहेरी बांधे.

पण ऋजुताला ठाऊक होतं. पदक नव्हे, आत्याला उत्तर हवं होतं. शाल मिळालेल्या दिवसापासून ती रात्री उठून आपल्याच पोटऱ्या चाचपून पाही; घर सोडून जाऊ बघणाऱ्या माणसाला आपण दाराशी उभं राहून पाहावं, तशी. हे शरीर अजून माझं आहे का? नऊ दिवस ते तिला हो म्हणणार होतं.

आठ दिवस ते हो म्हणालं.

पहाटे साडेपाचला त्या निघत. उजाडता उजाडताच ऊन खांद्यावर हात ठेवी. वारा कोरडा, खरखरीत, भट्टीच्या तोंडातून यावा तसा; पण घाम ओघळायच्या आत वारा तो उचलून नेई, आणि दोघींच्या दंडांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उरत, नकाशातल्या नद्यांसारख्या. सायकलच्या दांड्याला आत्याची जुनी छागल लटकत असे, जाड कापडाची पाण्याची पिशवी, बाहेरून सदा ओलसर. त्या जाळातही तिच्यातलं पाणी असं गार की दात कळवळत.

किती ताल होता त्या आठ दिवसांत. धाव, धाव, आणि मागून घंटी. चाकं, चाकं, आणि पुढे पाठ. कधी आत्याची पाठ, वाकून न वाकणारी. कधी ऋजुताची पाठ, तीरासारखी अधीर. कुणी कुणाकडे बघत नसे. घंटीच काय ती बोले: आले, आले, मी आले.

ऋजुता सगळं मोजत असे. किती अंतर, किती मिनिटं, ओसरीवरच्या तापमापकात पारा कुठे. मोजलं की जरा शांत वाटे. जे मोजता येत नव्हतं, ते मागे धूळ उडवत राही.

नवव्या दिवशी आकाश भरून आलं.

पांढरं जाऊन राखाडी झालं. ऊन नाही, वारा नाही, पान हलत नाही. आठ दिवसांचा निखारा कुणीतरी ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावा, तशी हवा झाली. ऋजुताने पारा पाहिला. कालच्या या वेळेपेक्षा तो चार अंशांनी खाली होता.

तिला आनंद झाला. ती म्हणाली, आज घाई कशाला, आठनंतर निघू. आज सोळा कशाला, चोवीस करू. बाराव्या दगडापाशी वडाखाली वळू. नववा दिवस नवव्यासारखा व्हायला नको का?

आत्या हसली. तिने कपाळावरचा घाम पुसला, आणि तो लगेच पुन्हा आला. तिने पुन्हा पुसला. पण पारा खाली आहे असं शिकलेली भाची सांगत होती, आणि आत्याला तर चोवीसच हवे होते.

निघाल्या.

दोन दगड, चार दगड, सहा. रस्ता निश्चल. संत्र्याची बाग आज श्वास रोखून नव्हे, श्वास अडकून उभी. पाखरं चोच वासून फांदीवर बसलेली. आठव्या दगडाशी दोघींची गाठ पडली तेव्हा आत्या बोलली नाही. हाताने पुढे हो म्हणाली. तिचा दंड चकाकत होता, तेल लावल्यासारखा. ऋजुता सायकलवर बसून पुढे गेली.

दहाव्या दगडाला तिने सायकल टेकवली, छागल उचलली, घोट घेतला.

पाणी कोमट होतं.

तिने तोंड वाकडं केलं, छागल पुन्हा अडकवली, आणि धावत सुटली.

धाव, धाव. पावलं रस्त्यावर जड पडत होती, रस्ताच त्यांना धरून ठेवत होता. तिच्या कानामागून घाम ओघळला, हनुवटीवर आला, टपकला. पुन्हा ओघळला, पुन्हा टपकला. सहा मिनिटं. आठ. दहा. बाराव्या-तेराव्या मिनिटाला घंटी यायची; नेहमी येई. तिने कान मागे लावले. नुसती आपलीच पावलं. नुसता आपलाच श्वास, तोही ओला.

तेरा.

पुढे बारावा दगड दिसू लागला. त्यापलीकडे वड, पारंब्या खाली सोडून, काळा, गंभीर. तिथे पोचलं की अर्धं झालं. तिथून घराकडे तोंड. चौदाव्या मिनिटाला तिने दगडाला हात लावला.

घंटी नाही.

मागे बघायचं नाही. बघणं म्हणजे अविश्वास. आत्या दमली असेल. आत्या पाणी पीत असेल. ते कोमट, गिळगिळीत, बेचव...

कोमट का?

छागल गार राहते ती कापडातून पाझरणारं पाणी उडून जातं म्हणून. उडताना ते उष्णता घेऊन जातं म्हणून. आज उडालं नाही. उडायला हवेत जागाच नव्हती. हवा आधीच पाण्याने तुडुंब होती. हे ती शिकली होती. यावर तिने प्रश्नपत्रिकेत पानभर लिहिलं होतं. आणि जे छागलीचं, तेच कातडीचं. आत्याचा दंड चकाकत होता, कारण घाम सुकत नव्हता. घाम सुकत नव्हता, म्हणजे आत्या निवत नव्हती. एकेका दगडागणिक ती आतून तापत चालली होती, झाकण लावलेल्या पातेल्यासारखी. आणि त्यावर झाकण आपणच ठेवलं होतं. साडेपाचऐवजी आठ. सोळाऐवजी चोवीस.

ऋजुता वळली.

मागे रस्ता रिकामा होता, राखाडी, लांब, एका टोकाशी विरघळलेला. ती त्या विरघळलेल्या टोकाकडे धावली. आजवर ती कशापासून तरी धावत होती, कशापासून ते तिला सांगता आलं नसतं. आत्ता ती कुणाकडे तरी धावत होती, आणि ते अंतर तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही.

आत्या रस्त्याच्या कडेने येत होती. धावत नव्हती, चालतही नव्हती. पाय नुसते एकमेकांपुढे पडत होते. सायकल नव्हती. दहाव्या दगडाला टेकवलेली सायकल ती ओलांडून आली होती, अनोळखी माणसाच्या दारावरून जावं तशी.

"आत्या, सायकल कुठाय?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या आरपार पाहिलं. "पोरींना पाणी दिलं का?" ती म्हणाली. "शेवटची फेरी आहे. शिट्टी वाजवू नकोस अजून."

तिचं मनगट तव्यासारखं लागलं.

बाजूला बाग होती. बागेत विहीर, विहिरीशी सिमेंटचा हौद, काठोकाठ भरलेला, हिरवा, थंड. ऋजुता आत्याला कवेत धरून तिकडे नेऊ लागली. राखण करणारी गिरजाबाई खोपटातून धावत आली. तिने एका नजरेत ओळखलं, डोक्यावरचा दुपट्टा सोडला, भिजवायला वाकली.

"अवो, हौदात काहून नेता? वला फडका बांधा ना डोक्याले. आमी तसंच करतो."

"आज फडका सुकणार नाही, मावशी," ऋजुता म्हणाली. "आज पाण्यातच उतरवावं लागेल."

गिरजाबाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुपट्टा बाजूला टाकला. दोघींनी मिळून आत्याला उचललं. बुटांसकट, त्या दुहेरी नाड्यांसकट, तीस वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या त्या उंच देहाला त्यांनी पाण्यात उतरवलं, आणि ऋजुता तिच्यामागे उतरून तिचं डोकं खांद्यावर घेऊन बसली. गिरजाबाईने दवाखान्यात फोन लावला. गाडी निघाली, पण यायला वेळ लागेल, ती म्हणाली. आणि मग बादलीने विहिरीचं ताजं पाणी शेंदून हौदात ओतत राहिली, एक बादली, आणखी एक, आणखी एक.

पाणी हललं, पाणी काठावरून सांडलं, पाणी संत्र्याच्या मुळांकडे वाहत गेलं.

ऋजुताने आत्याची नाडी धरली. घड्याळाकडे बघत मोजली. एकशे बावन्न. पुन्हा मोजली. एकशे सेहेचाळीस.

बऱ्याच वेळाने आत्याच्या डोळ्यांत कुणीतरी परत आलं. तिने आधी पाणी ओळखलं, मग झाडं, मग भाचीला. मग तिने हौदाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक एक दगड उमटत गेला: आठ, दहा, आणि त्यापुढचा न आठवणारा.

"तू मागे वळलीस," ती म्हणाली.

"वळले."

"नववा होता गं."

"हो."

आत्याने मान फिरवली. तिचा राग पाण्याखालीही जाणवत होता, ताठ, शिक्षिकेचा. कितीतरी क्षण ती भाचीच्या खांद्यावर डोकं टेकून भाचीशीच अबोला धरून राहिली. आणि तिला दुसरीकडे डोकं टेकवायला जागा नव्हती.

ऋजुताने काही सजवलं नाही. ती म्हणाली, वेळ मी बदलली, अंतर मी वाढवलं. पारा बघितला, हवा बघितली नाही. तुझं शरीर नाही म्हणालं नाही आत्या, माझं गणित चुकलं.

गिरजाबाईची बादली विहिरीत गेली, वर आली. पाणी पडलं.

मग आत्याचा हात पाण्यातून वर आला. ओला, सुरकुतलेला. त्याने ऋजुताचं मनगट चाचपलं, अंगठ्याखालची जागा बरोबर शोधली, जशी तीस वर्षं शेकडो धापा टाकणाऱ्या पोरींच्या मनगटांवर शोधली होती, आणि दोन बोटं तिथे टेकवली.

"एकशे अडतीस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बसलेली असून? कुठे पळते आहेस अजून?"

ऋजुताने आत्याच्या नाडीवरची आपली बोटं आणखी घट्ट केली.

ढग न बरसता सरकत होते. बागेवरून एक पातळ झुळूक आली, हौदावर बारीक शहारा उठला, आणि विरला. दोघी गळ्यापर्यंत पाण्यात, एकीचं मनगट दुसरीच्या हातात, दुसरीचं पहिलीच्या. दोघी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. एकशे तीस, एकशे सव्वीस. एकशे अठरा, एकशे बारा. लाटा काठाला लागत होत्या, मग नुसत्या टेकत होत्या, मग तेही नाही. एकशे चार. अठ्ठ्याण्णव. हिरव्या पाण्यावर आकाश हळूहळू जुळून आलं, आणि त्यात एक एक पान, एक एक फांदी, न हलता. ब्याण्णव. नव्वद. मग कुणीच मोजेना.