अव्वाचा कान

तुम्हाला सांगतो, आमच्या घराइतकं हुशार घर अख्ख्या सोलापुरात नसेल. असलंच तर पत्ता द्या, दुकान बंद करून बघायला येतो! सात रस्त्याजवळ माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, पण जीव सगळा गॅजेटांत. आमचे दिवे बोललं की लागतात, पंखा उकाडा बघून स्वतःचा वेग ठरवतो, दारावरची बेल आलेल्या माणसाचा फोटो मला दुकानात पाठवते. नवीन काही बाजारात आलं की ते हातात पडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. बायको, शिवानी, शाळेत गणित शिकवते. ती म्हणते, "अहो, या घरात सगळ्या वस्तू तुमचं ऐकतात. तुम्ही तेवढे कुणाचं ऐकत नाही."

आता मोठ्या कंपन्यांबद्दल. मी त्यांचा भक्त आहे आणि त्यांच्यावर माझा रागही आहे. केवढी अक्कल आहे त्या लोकांकडे! पण त्यांच्या ॲपमध्ये घरातल्या खोल्यांची यादी उघडा. गॅरेज आहे, पोहण्याचा तलाव आहे. मोरी नाही, देवघर नाही. आमचे देव दोन वर्षं 'पाहुण्यांची खोली' या नावाखाली बसलेत.

आईला मी अव्वा म्हणतो. मल्लव्वा तिचं नाव, वय चौऱ्याहत्तर. बोलणाऱ्या स्पीकरला ती 'बाई' म्हणते. एकदा "ए बाई, लाईट लाव की," असं तीनदा सांगून झालं आणि बाईनं तीनदा माफी मागितली. अव्वा उठली, बटण दाबलं आणि मला म्हणाली, "दोन हातावर बटन हाय. तुजी बाई इचारायला कुटं जाती?"

"समुद्रापलीकडं, कंपनीच्या सर्व्हरकडं."

"लाईट लावायला?"

त्या दिवसापासून डोक्यात एक किडा वळवळायला लागला, की जे काही करायचं ते आपल्याच घरात, कुणाला न विचारता करायचं. आणि काय करायचं तेही ठरलेलंच होतं, कारण आमच्या घराचा खरा मालक पाणी आहे.

आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं, दिवस आधी कळतो, पण वेळ ठरलेली नसते. गेटजवळच्या खड्ड्यात नळ, शेजारी ड्रम, आणि ड्रममधली मोटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. नळ उघडाच ठेवायचा, कारण पाण्याच्या आधी त्यातून हवा फुसफुसते. अव्वाला ती फुसफुस स्वयंपाकघरात ऐकू येते. मग गढूळ पाणी येतं, ते पाइपानं गटारात सोडायचं. धार स्वच्छ झाली की पाइप ड्रमकडे वळवायचा आणि मोटर लावायची. धार स्वच्छ झाल्याचं अव्वा तिकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगते.

मी दुकानात, शिवानी शाळेत. म्हणजे पाण्याच्या दिवशी घरात बसायचं ते अव्वानं. अक्कलकोटला तिची धाकटी बहीण असते, दानम्मामावशी. गेल्या वर्षी मावशीच्या नातीचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि अव्वा न जेवता एसटीत बसून परत आली, कारण पाण्याचा दिवस होता. मावशी फोनवर रडली. "अक्का, तू येतीस ते उठायसाठीच येतीस," म्हणाली. अव्वानं हसून फोन ठेवला आणि रिकामा ड्रम घासायला घेतला. मला फार लागलं ते. घरात बोलणारे दिवे, आणि आई नळाला बांधलेली!

मग मी 'कान' बनवला. एक छोटा बोर्ड, एक माइक, पाइप वळवणारा एक विजेवरचा वॉल्व्ह आणि मोटरचा स्विच. दोन महिने मी प्रत्येक पाण्याचा आवाज रेकॉर्ड केला. अव्वा खड्ड्याजवळ स्टुलावर बसायची, डोळे मिटायची आणि नेमक्या क्षणी म्हणायची, "आत्ता." मी बटण दाबून त्या जागी खूण करायचो. चौदा पाणी झाली, चौदा 'आत्ता' झाले, आणि बोर्डाला अव्वाचं ऐकणं आलं! अटी-शर्ती मान्य करायला नकोत, महिन्याची वर्गणी नको, इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. इंटरनेट असलं तर फोनवर मला निरोप येतो, नोंदी दिसतात, मोटरही लावता येते; नसलं तरी बिघडत नाही. पुढच्या दोन पाण्यांना अव्वा हाताची घडी घालून बघत बसली आणि कानानं सगळं एकट्यानं केलं. मी तर गल्लीत नाचायचा बाकी होतो.

"बरोबर हाय," अव्वा म्हणाली. "माज्यापेक्षा मिनिटभर उशीर लावतंय, पण बरोबर हाय."

"मग गुरुवारी मावशीकडं जा. चांगली आठवडाभर राहा."

"गुरुवारी पाणी हाय."

"म्हणूनच जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "न्हाय लागलं तर?"

"लागतंय, अव्वा. माझ्यावर सोड."

मला पक्कं ठाऊक होतं, की या एका गुरुवारी गडबड झाली तर अव्वा पहिल्या एसटीनं परत येणार आणि पुन्हा म्हणून उंबरा ओलांडणार नाही. गुरुवारी सकाळी शिवानी आणि मी आधी बाहेर पडलो. अव्वा मागून घर आवरून, कुलूप लावून, रिक्षानं स्टँडवर गेली. मावशीसाठी शेंगा चटणीचा डबा घेऊन गेली होती.

दुकानात माझं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला बॅटरी दाखवता दाखवता मी कानाची सगळी हकीकत सांगितली. तो बिचारा पाणी घालायची बॅटरी की बिनपाण्याची, एवढंच विचारायला आला होता. साडेअकराला फोन वाजला. मी झडप घातली. कानाचा निरोप नव्हता, गल्लीच्या ग्रुपवर समोरच्या गोदावरीकाकूंचा मेसेज होता: 'पाणी आले आहे. आज जोर चांगला आहे.'

माझा कान गप्प होता. पाच मिनिटं थांबलो. तरी गप्प. फोनवर पाहिलं तर बोर्ड चालू, माइक चालू, आणि आवाजाच्या नोंदीत नुसती शांतता. मोटर दुकानातून चालू करता आली असती, पण ड्रम कोरडा असेल तर ती जळून गेली असती. गिऱ्हाइकाला तिथंच बसवून मी स्कूटर काढली. सात रस्त्याचा सिग्नल नेमका तेव्हाच लाल! कानाला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या, आणि सवयीनं दोन-चार मोठ्या कंपन्यांनाही दिल्या, त्यांचा काडीचा संबंध नसताना.

गेट उघडून खड्ड्यात वाकलो, तर नळ घट्ट बंद. वर धूळ जाऊ नये म्हणून फडकं बांधलेलं. डोक्यात लख्ख उजेड पडला. गावाला निघताना गॅस बंद, खिडक्या बंद, नळ बंद. आम्हाला लहानपणी हे अव्वानंच शिकवलं. नळ उघडा ठेव म्हणून मी तिला दहादा सांगितलं होतं, पण पन्नास वर्षांची सवय लागलेल्या हाताला कोण सांगणार!

फडकं ओढून काढलं आणि नळ सोडला. पाणी असं उसळलं की मी कोपरापर्यंत भिजलो. आणि त्याच क्षणी खिशात फोन वाजला: 'पाणी आलं.' अरे वा रे पठ्ठ्या! मी दोन पावलं मागे सरून उभा राहिलो, कशालाही हात लावला नाही. गढूळ पाणी गटारात गेलं. मनात म्हटलं, आत्ता. मिनिटभरानं वॉल्व्ह खट्कन वळला आणि ड्रम अर्धा झाल्यावर मोटर गुरगुरली. मी तिथं चिखलात टाळ्या वाजवल्या. समोरून गोदावरीकाकू बघत होत्या, बघू देत.

टाकी पाऊण भरली तेवढ्यात अव्वाचा फोन आला. मागे मावशीचा आवाज येत होता, कुणाला तरी कन्नडमध्ये ताट वाढायला सांगत होती.

"पाणी आलं का रं?"

"आलं की."

"मशीन लागलं?"

"लागलं. टाकी भरत आली."

अव्वा सावकाश म्हणाली, "एसटीत बसल्यावर आटवलं मला. नळ बंद करून आले मी. फडकं बी बांदलं. वाटंत वळसंगला उतरून मागं फिरनार हुते. पन म्हटलं, बघू."

माझ्या शर्टाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"मग लागलं कसं ते?" तिनं विचारलं.

"लई हुशार हाय ते, अव्वा."

"हाय की," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं हाय."

मी तसाच ओला खड्ड्याच्या कडेला बसलो. पलीकडे मावशी जेवायला हाक मारत होती, आणि अव्वा तिला म्हणाली, आले गं, बसते की निवांत. मग पुन्हा माझ्याशी बोलली.

"आता फुडच्या पान्याला बी मी न्हाय. दानम्मा सोडत न्हाय मला. मशीनला सांगून ठेव."

"सांगतो," मी म्हणालो.

"आन् त्याला म्हणावं, अंग पूस. सर्दी हुईल."